मत कुणाला, हे ठरवण्याआधी: कॅथोलिक मतदारासाठी तीन आठवड्यांची तयारी

निवडणूक लागली की वसईपासून जालन्यापर्यंत कुठल्याही धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) दोन प्रश्न हमखास कानावर येतात. ‘चर्चने काय सांगितलंय?’ आणि ‘आपला माणूस कोण उभा आहे?’ पहिल्या प्रश्नात मतदार आपला निर्णय फादरांवर सोपवतो, दुसऱ्यात आडनावावर. ख्रिस्तसभेने, म्हणजे चर्चने, तो निर्णय मतदाराच्याच हाती ठेवला आहे आणि तो घेण्यासाठी मेहनत करायला सांगितली आहे. ती मेहनत कोणती, कोणत्या क्रमाने करायची आणि कुठे फसते, ते इथे देत आहोत. उदाहरणे बहुतेक महाराष्ट्रातली आहेत. गोव्यातल्या वाचकाला त्यात फारसा बदल करावा लागणार नाही.

पाया

मतदान करणे हे कॅथोलिकाचे नैतिक कर्तव्य आहे. कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथाच्या, २२४० व्या परिच्छेदात कर भरणे, मतदान करणे आणि देशाचे रक्षण करणे ही तिन्ही कर्तव्ये एका ओळीत सांगितली आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६५ मध्ये हेच सांगितले: आपले मत मोकळेपणाने, सर्वांच्या हितासाठी वापरणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि कर्तव्यही. ‘राजकारण घाणेरडे, आपण लांब राहिलेले बरे’ ही भूमिका सोवळी वाटते, पण शिकवणीला धरून नाही.

आता सदसद्विवेकबुद्धी. हा शब्द सर्वात जास्त चुकीचा वापरला जातो. ‘माझ्या मनाला पटले म्हणून दिले’ एवढ्यावर काम भागत नाही. समोरची कृती योग्य की अयोग्य, याचा बुद्धीने केलेला निवाडा म्हणजे सदसद्विवेकबुद्धी. कॅटेकिझमचे दोन परिच्छेद जोडीने वाचा. १७९० म्हणतो की विवेकाचा निश्चित निवाडा माणसाने पाळलाच पाहिजे. १७९१ म्हणतो की खरे काय, चांगले काय, हे शोधण्याची फिकीरच केली नाही, तर चुकीच्या निवाड्याची जबाबदारी त्याच्यावर येते. यातला पहिला परिच्छेद सगळे सांगतात. दुसरा फारसा कुणी सांगत नाही, आणि तयारीचे सगळे काम त्याच्यातूनच निघते. मतदानाच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप वाचून झालेले मत म्हणजे फिकीर न केल्याचे उदाहरण.

तुमच्यासाठी हे काम दुसरा कुणी करू शकत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये लिहिले होते की आम्हाला सदसद्विवेकबुद्धी घडवण्यासाठी बोलावले आहे, तिची जागा घेण्यासाठी नाही. ते लिहिणे कुटुंबजीवनाबद्दल होते, पण मतदानालाही ते तंतोतंत लागू पडते.

पहिला आठवडा: यादी

विवेक कितीही तयार असला तरी यादीत नाव नसेल तर सगळे फुकट. म्हणून सुरुवात इथून.

कॅथोलिक नावांची एक खास अडचण असते. एकाच घरात डिसोजा, डिसूझा, डी’सोझा अशी तीन रूपे सापडतात. गोन्साल्विसचे आणि तुस्कानोचे काय काय होते, ते विचारूच नका. नावाने शोधून यादीत सापडले नाही म्हणून नाव कापले गेले असे समजू नका. मतदार ओळखपत्रावरच्या क्रमांकाने शोधा. ओळखपत्रावरची अक्षराची किरकोळ चूक असेल आणि तुमची ओळख पटत असेल, तर केंद्रावर मतदान नाकारता येत नाही. तरीही फुरसतीत दुरुस्ती करून घ्या. दुरुस्तीसाठी आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना ८, नव्या नावासाठी नमुना ६. निवडणूक जाहीर झाल्यावर या कामाला थोडेच दिवस उरतात. महापालिका, जिल्हा परिषदेसाठी विधानसभेची यादीच एका ठरावीक तारखेला गोठवून वापरतात, त्या तारखेनंतरचा अर्ज त्या निवडणुकीला उपयोगी पडत नाही.

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आणि बदली झालेले फादर यांची नावे जुन्या ठिकाणीच राहून जातात. धर्मग्रामाच्या सचिवाने वर्षातून एकदा चौकशी करून नमुना ८ भरून घ्यावा. घरात ८५ वर्षांवरचे कुणी असेल तर लोकसभा-विधानसभेला नमुना १२ड भरून घरून मतदान करता येते. आखातात नोकरीला असलेला भारतीय पासपोर्टधारक नमुना ६अ भरून नाव नोंदवू शकतो, पण मत द्यायला त्याला स्वतः यावे लागते. ज्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे, त्याचा भारतातला मताचा हक्क संपतो.

दुसरा आठवडा: शिकवण नीट वेगळी करा

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीचे चार खांब आहेत: प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा, सर्वांचे हित, एकमेकांशी बांधिलकी आणि जे काम खालच्या पातळीवर होऊ शकते ते वरच्या सत्तेने हिसकावून न घेण्याचे तत्त्व. चौथे तत्त्व ऐकायला अवघड वाटते, पण ग्रामसभेची बाजू घेणाऱ्या कुठल्याही गावकऱ्याला ते आधीपासून ठाऊक असते. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाल्यावर गावे तिच्यातून वगळावीत म्हणून जे आंदोलन झाले, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

या खांबांवरून निघणारे मुद्दे दोन प्रकारचे असतात. ते एकत्र केले की गोंधळ होतो.

पहिल्या प्रकारात अशा कृती येतात की ज्या कुठल्याही परिस्थितीत चुकीच्याच. निरपराध माणसाला ठरवून मारणे, मग तो गर्भातला असो की अंथरुणाला खिळलेला. यातना देणे. माणसांची खरेदी-विक्री. एखाद्या समाजाला माणूस म्हणून कमी लेखून त्याच्यावर हात उगारायला चिथावणे. ‘पण त्यातून चांगले होईल’ ही सबब इथे चालत नाही. चांगल्यासाठी वाईट करता येत नाही, हा विवेकाचा पहिला नियम आहे.

दुसऱ्या प्रकारात उद्दिष्ट ठरलेले असते, पण मार्गाबद्दल प्रामाणिक मतभेद असू शकतात. गरिबाला मदत झालीच पाहिजे, हे शिकवण सांगते. ती थेट खात्यात रोख द्यावी की रेशन-रोजगार-दवाखान्यातून, हे सांगत नाही. सृष्टीची राखण करावी, हे २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या पोपपत्रात आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराबद्दल त्यात एक ओळही नाही. मच्छीमारांची उपजीविका, किनाऱ्याचे नुकसान, नोकऱ्या यांचा हिशेब मतदाराने स्वतः करायचा. अशा प्रश्नावर ‘चर्चची भूमिका’ म्हणून आपले मत पुढे करणे चूक आहे. व्हॅटिकन परिषदेने ते स्पष्ट शब्दांत नाकारले आहे: खुल्या प्रश्नावर ख्रिस्तसभेचा अधिकार फक्त आपल्या मताच्या बाजूला ओढण्याचा हक्क कुणालाही नाही.

इथे अमेरिकेतून येणाऱ्या प्रचारपत्रिकांबद्दल सावध करायला हवे. ‘कॅथोलिकांसाठी न बदलणारे पाच मुद्दे’ अशा धर्तीची भाषांतरे मराठी गटांत फिरतात. तिथे गर्भपातावर दोन मोठे पक्ष आमनेसामने असतात, म्हणून त्या यादीला तिथे तरी काही अर्थ असतो. आपल्याकडे १९७१ चा गर्भपात कायदा आणि २०२१ ची दुरुस्ती, जिने ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत नेली, यांना कुठल्याही मोठ्या पक्षाचा विरोध नाही. मग ती यादी लावली की दोनच निष्कर्ष निघतात: कुणालाच मत देऊ नये, किंवा हा विषयच सोडून द्यावा. दोन्ही चूक. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या ‘एव्हांजेलियुम वितए’ या पत्रात तिसरी वाट दाखवली आहे: वाईट कायदा पूर्ण रद्द करणे शक्य नसेल, तर त्याची हानी कमी करणाऱ्या उपायाला लोकप्रतिनिधीला पाठिंबा देता येतो, मात्र त्या कायद्याला त्याचा स्वतःचा विरोध सर्वांना ठाऊक असला पाहिजे. मतदारानेही हाच प्रश्न विचारावा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वात आधी कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. महापालिका हद्दीत त्याची अंमलबजावणी पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे असते. सोनोग्राफी केंद्रांची तपासणी होते का, पालिकेच्या प्रसूतिगृहात रात्री डॉक्टर असतो का, हे नगरसेवकाला विचारता येणारे जीवनाचेच प्रश्न आहेत.

जे मराठी कॅथोलिक अमेरिकेचे नागरिक झाले आहेत, त्यांनी तिथल्या बिशपांचे २००७ चे मार्गदर्शन मुळातून वाचावे, पत्रिकेतून नव्हे.

तिसरा आठवडा: उमेदवार

आधी पद पाहा, मग माणूस. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि महापालिकेच्या निवडणुकीत परराष्ट्र धोरणावर मत देऊन येतात. खासदाराच्या हाती देशाचे कायदे असतात. दलित ख्रिस्ती बांधवांचा प्रश्न तिथला: १९५० च्या राष्ट्रपती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. मराठवाड्यातल्या आणि नगरकडच्या हजारो घरांचे शिक्षण-नोकरीचे भवितव्य त्यावर अवलंबून आहे. वसईच्या बागायतदार कॅथोलिकाला याची झळ लागत नाही, म्हणून त्याच्या विचारात तो येत नाही. बांधिलकीचे तत्त्व नेमके अशाच ठिकाणी कामाला येते. आमदाराकडे शाळा, पोलीस, जमीन, धर्मस्वातंत्र्यावर परिणाम करणारे राज्याचे कायदे. नगरसेवकाकडे पाणी, गटार, विकास आराखडा, दवाखाना आणि दफनभूमी. मृतांच्या अंत्यविधीच्या जागेची व्यवस्था हे महापालिकेचे बंधनकारक काम आहे, उमेदवाराने केलेला उपकार नाही.

मग शपथपत्र वाचा. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराचे नमुना २६ मधले शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते. स्थानिक निवडणुकीत राज्य निवडणूक आयोगाच्या व्यवस्थेत. एका उमेदवाराला अर्धा तास पुरतो. सापडेल ते एका कागदावर टिपत जा. पुढील ठिकाणी थांबा.

प्रलंबित खटले: नुसता आकडा मोजू नका, कलमे पाहा. पाण्यासाठी रस्ता अडवला म्हणून जमावबंदीचा गुन्हा आणि खंडणी किंवा मारहाणीचा गुन्हा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खटला म्हणजे शिक्षा नव्हे, पण एकाच प्रकारचे चार खटले चार वेगळ्या वर्षांतले असतील तर ती सवय असते. असे खटले असलेल्या उमेदवाराने लोकसभा-विधानसभेला ही माहिती प्रचारकाळात तीनदा वर्तमानपत्रात आणि दूरचित्रवाणीवर द्यावी लागते. जाहिरात बारीक अक्षरांत आतल्या पानावर असते, शोधली तर सापडते.

मालमत्ता: मागच्या निवडणुकीचे शपथपत्र शेजारी ठेवून तुलना करा. व्यवसाय कोणता, बांधकाम कंपनीत भागीदारी आहे का, पती किंवा पत्नीच्या नावे जमीन कुठे आहे. हरित पट्ट्यात उमेदवाराचीच जमीन असेल, तर विकास आराखड्यावरचे त्याचे भाषण वेगळ्या कानाने ऐकावे लागते. सरकारी थकबाकीचा रकाना लोक सोडून देतात. पालिकेची घरपट्टी थकवणारा पालिकेत निवडून जायला निघालेला असतो, हे तिथेच कळते.

शपथपत्रानंतर कामगिरी. आधी निवडून आलेला असेल तर सभागृहात काय बोलला, कुठल्या ठरावाला हात वर केला. नवा असेल तर निवडणुकीआधीच्या तीन वर्षांत तो कुठे होता. जाहीरनाम्यातली आश्वासने शेवटी वाचा, कारण त्यांना पुरावा नसतो.

वजन कसे करायचे

काही जण गुण देण्याचा तक्ता करतात: प्रामाणिकपणा दहापैकी, विकास दहापैकी, धर्मस्वातंत्र्य दहापैकी, शेवटी बेरीज. हा तक्ता करू नका. बेरजेत सगळे मुद्दे एकाच जातीचे होतात. दंगलीला चिथावणी देणाऱ्याचे चार गुण कापले जातात आणि चांगल्या रस्त्याने ते भरून निघतात. पहिल्या प्रकारच्या कृती बेरजेत बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी, आधीची चाळणी लागते.

त्या चाळणीचा प्रश्न असा: हा उमेदवार स्वतः अशा कृतीचा पुरस्कार करतो का, आणि त्याच्याकडच्या पदातून ती घडू शकते का? उत्तर हो असेल, तर त्या कृतीसाठी म्हणून त्याला मत देणे कुठल्याही कॅथोलिकाला करता येत नाही. तो त्या पापात मनापासूनचा सहभाग होतो. पण दुसऱ्या कारणासाठी, ती भूमिका नापसंत असूनही त्याला मत दिले तर? कार्डिनल रात्सिंगर (पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांनी २००४ मध्ये, पोप होण्याच्या वर्षभर आधी, गर्भपात आणि दयामरणाच्या संदर्भात याचे उत्तर दिले होते. असा मतदार त्या कृतीत दुरून, नाइलाजाने सहभागी होतो, आणि तेवढेच भारी कारण असेल तर ते करता येते. या वाक्यातला ‘तेवढेच भारी’ हा भाग विसरू नका. गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवले, हे माणसांच्या जिवाइतके भारी कारण नाही. दुसरा उमेदवार निवडून आला तर जास्त माणसांचे जीव किंवा हक्क धोक्यात येतील, हे होऊ शकते.

दुसऱ्या प्रकारच्या मुद्द्यांचे वजन करताना तीन गोष्टी पाहा: नुकसान किंवा फायदा किती मोठा, किती जणांना आणि कुणाला, आणि निवडून आल्यावर तो खरोखर घडण्याची शक्यता किती. ‘कुणाला’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. बायबलमधल्या मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातल्या न्यायाच्या दिवशी भुकेल्याबद्दल, परक्याबद्दल, कैद्याबद्दल विचारले जाते. स्वतःच्या समाजाला काय मिळाले, हा प्रश्न त्यात नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा वसईच्या पश्चिम पट्ट्यात महापालिकेचा प्रभाग आहे आणि तिघे उभे आहेत. पहिला कॅथोलिक, दर रविवारी मिस्साला येणारा. शपथपत्रात बांधकाम कंपनीतली भागीदारी, आणि हरित पट्टा निवासी करावा अशी त्याची जाहीर मागणी. दुसरी निवृत्त शिक्षिका, कॅथोलिक नाही, पालिकेच्या दवाखान्यासाठी सहा वर्षे अर्ज-विनंत्या करणारी. पण तिच्या पक्षाचे काही नेते अल्पसंख्याकांविरुद्ध विखारी बोलतात. तिसरा अपक्ष, निर्मळ, निवडून येण्याची शक्यता नगण्य.

पहिल्याचा धर्म आणि मिस्सा वजनात धरायचे नाहीत. धरायचे ते हे: आराखडा बदलला तर विहिरी, बावखले (वसईतली गोड्या पाण्याची तळी), पावसाळ्यात पाणी तुंबणे, टँकरवरचे अवलंबित्व, आणि या निर्णयात त्याचा स्वतःचा आर्थिक फायदा. दुसरीबाबत आधी चाळणी. ती स्वतः ते विखारी शब्द बोलते का, शेअर करते का? करत असेल तर दवाखाना बाजूला राहतो. करत नसेल तर तिला समोरासमोर विचारा: तुमच्या नेत्याचे ते भाषण तुम्हाला मान्य आहे का, सभागृहात पक्षाने तसा ठराव आणला तर काय कराल? उत्तर टाळणे हेही उत्तरच असते. मग महापौर कुणाचा होईल, या बेरजेत तिची एक जागा किती मोलाची, ते पाहा. तिसऱ्याला मत देणे वाया जात नाही, पुढच्या निवडणुकीसाठी ती नोंद असते. पण त्या मतामुळे पहिला निवडून येत असेल तर त्याचाही हिशेब करावा लागतो.

या उदाहरणात दोन प्रामाणिक कॅथोलिक वेगळ्या उत्तरांवर पोचू शकतात. आमचा कल प्रश्नांची सरळ उत्तरे देणाऱ्या शिक्षिकेकडे राहील, पण तो आमचा निवाडा आहे, शिकवण नाही. आडनाव पाहून पाच मिनिटांत ठरवलेले उत्तर मात्र कुणाचेच चालणार नाही.

मुंबई सोडून महाराष्ट्रातल्या महापालिकांत प्रभाग बहुसदस्यीय असतात, म्हणजे एका मतदाराला तीन-चार जागांसाठी वेगवेगळी मते द्यायची असतात. ‘पॅनेल टू पॅनेल’ म्हणणाऱ्यांचे ऐकून सलग बटणे दाबू नका. प्रत्येक जागेचा विचार वेगळा करा आणि नावे-चिन्हे आधी लक्षात ठेवा, कारण आत गेल्यावर यंत्रावरच्या लांब यादीने गोंधळ उडतो.

सगळेच नको वाटतात तेव्हा

सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूरहून परतताना पोप फ्रान्सिस यांना अमेरिकेच्या निवडणुकीबद्दल विचारले गेले. स्थलांतरितांना हाकलणारा उमेदवार आणि गर्भातल्या बाळांना मारू देणारी उमेदवार, दोघेही जीवनाच्या विरुद्ध आहेत, असे ते म्हणाले. तरी मत द्यायला हवे, कमी वाईट निवडायला हवे, आणि कोण कमी वाईट ते प्रत्येकाने आपल्या विवेकाने ठरवावे. कमी वाईट निवडणे म्हणजे वाईट करणे नव्हे. होऊ शकणारे नुकसान आवरण्यासाठी केलेली ती चांगली कृती असते.

आपल्याकडे ‘नोटा’ आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालापासून. ते वापरण्याआधी त्याचा परिणाम समजून घ्या. लोकसभा-विधानसभेला ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तरी त्याखालोखालचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये नियम बदलला: तिथे ‘नोटा’ पहिला आला तर फेरनिवडणूक होते. म्हणून नगरपालिकेत ‘नोटा’ला दात आहेत, लोकसभेत ती फक्त नोंद आहे. एकही उमेदवार चाळणीतून उतरत नसेल आणि त्यांच्यातल्या नुकसानीत खरोखर फरक नसेल, तेव्हाच ‘नोटा’ विवेकाला धरून होते. अभ्यास केला नाही म्हणून दाबलेला ‘नोटा’ म्हणजे घरी बसण्यासारखेच.

दबाव ओळखा

फादर प्रवचनात काय सांगू शकतात? मतदान करा, शिकवणीचे हे मुद्दे लक्षात घ्या, पैसे घेऊ नका, एवढे जरूर. अमुक चिन्हाला मत द्या, हे नाही. धर्मगुरूंना सत्तेचे पद घेण्यास आणि पक्षात सक्रिय भाग घेण्यास चर्चच्या कायद्याच्या, म्हणजे धर्मसंहितेच्या, २८५ आणि २८७ या कलमांनी अटकाव केला आहे. देशाचा कायदाही स्पष्ट आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कुणी मतदाराला दैवी कोपाची किंवा धार्मिक शिक्षेची भीती घालणे हा भ्रष्ट आचार आहे. धर्माच्या नावाने मत मागणेही. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले की यात मतदाराचा धर्मही येतो. आचारसंहितेनुसार चर्चचे आवार प्रचारासाठी वापरता येत नाही, सभागृह ‘फक्त ओळखपाळखीसाठी’ मागितले तरीही.

फादर नागरिक म्हणून बोलूच शकत नाहीत, असे मात्र नाही. वसईत हरित पट्टा वाचवण्याच्या लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. जमीन-पाणी-दहशत या प्रश्नांवर उभे राहणे आणि पक्षाचे चिन्ह पुढे करणे, यांतली रेघ लक्षात ठेवली की पुरे.

पैशाची पाकिटे आली तर घेऊ नका. ‘सगळ्यांकडून घ्या, मत हवे त्याला द्या’ हा सल्ला हुशारीचा वाटतो, पण लाच घेणे हे लाच घेणेच राहते. आणि ज्याने आधीच घेतले आहे, त्याला ‘खाल्ल्या मिठाला जागावे’ असे वाटते. तिथे ठामपणे सांगायला हवे: असले मीठ बांधत नाही. पैसे घेतल्याची चूक पापनिवेदनात सांगावी, मत विवेकाने द्यावे. बायबलवर किंवा क्रूसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली असेल तरी तेच. धर्मसंहितेच्या कलम १२०० नुसार फसवणुकीने, बळजबरीने किंवा मोठ्या भीतीने काढून घेतलेली शपथ कायद्यानेच रद्द ठरते, आणि कलम १२०१ नुसार लोकहिताला बाधा आणणाऱ्या कृतीला शपथेने जोर येत नाही. साध्या भोळ्या म्हाताऱ्या माणसांना ही भीती फार असते. त्यांना हे आवर्जून सांगा.

सरकारी योजनेचे मासिक पैसे ही लाच नाही. ती करातून दिलेली मदत आहे. म्हणूनच तिच्यामुळे कुणाचे मत बांधलेले नाही.

घरातही दबाव असतो. नवऱ्याने किंवा मुलाने ‘आपल्या घरची मते इकडे’ असे ठरवले म्हणून बायकोचे किंवा आईचे मत तिकडे जात नाही. मतदान गुप्त आहे, घरातही.

मतदानाचा दिवस आणि पुढे

आदल्या संध्याकाळी दहा मिनिटे शांत बसा. प्रार्थनेत तीनच प्रश्न विचारा. मी भीतीपोटी ठरवतोय का? मी कुणाच्या तरी द्वेषापोटी ठरवतोय का? माझ्या निवडीचा सर्वात जास्त फटका ज्याला बसेल, त्याच्यासमोर उभा राहून मी ती सांगू शकेन का? तिसऱ्या प्रश्नावर अडखळलात तर कागद पुन्हा उघडा.

केंद्राच्या आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून नावे पाठ करूनच जा. लोकसभा-विधानसभेला बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती नीट पाहा. कुणाला मत दिले ते सांगायची सक्ती कुणीही करू शकत नाही, बाहेर ‘काय केलंत?’ विचारणारा कार्यकर्ताही नाही.

नंतर मनाला टोचणी लागली तर ती कशाची, हे ओळखा. तुम्ही निवडलेला माणूस पुढे फसवा निघाला, हे पाप नाही. तेव्हा जे कळू शकत होते ते तुम्ही पाहिले होते. न पाहता, पैशासाठी किंवा एखाद्या समाजाचे वाईट व्हावे म्हणून मत दिले असेल, तर ते पापनिवेदनाला न्यायचे. वेगळे मत दिलेल्या धर्मग्रामवासीयाला ‘खरा कॅथोलिक नाही’ म्हटले असेल, तर तेही.

टिपणांचा कागद फाडू नका. त्यावर उमेदवाराने दिलेली उत्तरे तारखेसह लिहून ठेवा, निवडून आलेला आणि पडलेला दोघांचीही. गावात असाल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा होतात. शहरात नगरसेवकाचे कार्यालय असते. सहा महिन्यांनी तो कागद घेऊन तिथे जा आणि पहिल्या उत्तरापासून वाचून दाखवा.